गीझर बंद पडण्याआधी करायचा हिशेब

गीझर दगा देतो तो बहुतेक वेळा सकाळी. अंघोळीला गेलेला माणूस आतून हाक मारतो, टाकीखाली पाण्याचं थारोळं साचलेलं असतं, आणि त्याच संध्याकाळी घरात नवा गीझर बसलेला असतो. कोणता? दुकानात हाताशी होता तो, बहुधा जुन्यासारखाच. पुढची दहा-बारा वर्षं तो भिंतीवर राहतो. घरात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणाऱ्या यंत्रांपैकी एकाची निवड आपण अशी पाच-सहा तासांच्या घाईत उरकतो. तहान लागल्यावर विहीर खणायचाच हा प्रकार. म्हणून हा लेख खास त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा गीझर आज अगदी व्यवस्थित चालू आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसायला हवी: पाणी तापवणं हे भयंकर जड काम आहे. नळ फिरवला की गरम पाणी येतं, म्हणून ते हलकं वाटतं. पण १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल ऊर्जा लागते, आणि तेवढ्या ऊर्जेत तेच १ लिटर पाणी जवळजवळ ४२७ मीटर उंच उचलता येतं. आता १५ लिटरची बादली घ्या आणि पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्या. त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेत ते सगळं पाणी साडेआठ किलोमीटर वर चढवता येईल. एव्हरेस्टचा माथा ८,८४९ मीटरवर आहे. म्हणजे आपण रोज सकाळी अंघोळीआधी माणशी एक बादली जवळपास एव्हरेस्टच्या उंचीला नेतो, तीही कळसुद्धा न लागता.

विजेच्या भाषेत हे ०.३५ युनिट झालं. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ३८ तास जळतो. रिकाम्या खोलीत दिवा राहिला म्हणून आपण मुलांना ओरडतो, आणि गीझर मात्र दिवसभर चालू असतो. हिशेबाचं सूत्र सोपं आहे, पाठच करून टाका: जितके लिटर, गुणिले जितके अंश वाढवायचे, भागिले ८६०, म्हणजे युनिट. १०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायचं तर ४,००० भागिले ८६०, म्हणजे साधारण ४.६५ युनिट. हे एक सूत्र हाताशी असलं की कुठल्याही जाहिरातीतला दावा घरबसल्या तपासता येतो.

आणि पहिला दावा तपासायचा तो ‘वीज वाचवणाऱ्या कॉइल’चा. कॉइलमध्ये गेलेल्या विजेची जवळपास सगळीच उष्णता होते. जुन्या कॉइलमध्ये होते तशीच नव्या, महागड्या कॉइलमध्येही. तिथे वाचवण्यासारखं काही उरलेलंच नाही. बचतीला जागा दोनच: तापवलेलं पाणी वाया जाऊ न देणं, आणि उष्णता विजेतून तयार करण्याऐवजी दुसरीकडून आणणं. गरम पाण्याच्या प्रत्येक ‘कार्यक्षम’ यंत्रामागे या दोनपैकी एक तरी युक्ती असते.

कुणीही अंघोळ न करता गेलेली वीज

साठवणीच्या टाकीतून उष्णता सतत झिरपत असते. किती, हे बघायला उपकरण लागत नाही. मी एका सुटीच्या दिवशी, घरात कुणी गरम पाणी वापरणार नव्हतं तेव्हा, जुना ५० लिटरचा गीझर चालू ठेवला आणि त्याच्या लाल दिव्यावर नजर ठेवली. दर तीन तासांनी तो दिवा पेटायचा आणि सहा मिनिटांनी विझायचा. दिवसातून आठ वेळा, एकूण ४८ मिनिटं. कॉइल २ किलोवॉटची, म्हणजे १.६ युनिट. मघाच्या हिशेबाने साडेचार बादल्यांची उष्णता! एकही तांब्या अंगावर न घेता. त्यानंतर गीझरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहिला, तर तो कोमट लागला. चांगल्या टाकीचा पत्रा बाहेरून आसपासच्या भिंतीइतकाच गार लागायला हवा.

इथे एक जुना वाद मिटवून टाकू. ‘गीझर सारखा बंद-चालू केला तर जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवावा’ असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. पण टाकीतून उष्णता किती वेगाने जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. टाकी गरम ठेवली की फरक मोठा राहतो, गळती जोरात चालते. बंद केली की पाणी हळूहळू निवतं, फरक कमी होतो, गळतीही मंदावते. पुन्हा तापवताना गेलेली उष्णता फक्त भरून काढायची असते, दंड म्हणून वेगळं काही भरावं लागत नाही. तेव्हा बंद ठेवण्यात बचतच आहे. टाकीचं आवरण उत्तम असेल तर ती बचत छोटी, आवरण फाटकं असेल तर मोठी, एवढाच काय तो फरक.

नळीतलं नुकसान याहून छुपं असतं. १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या, १० मीटर लांबीच्या नळीत जवळपास पावणेदोन लिटर पाणी मावतं. हात धुवायला गरम नळ सोडला, गार पाणी आलं, हात धुऊन झाले, नळ बंद. हाताला गरम पाणी लागलंच नाही, पण टाकीतून मात्र ते निघालं आणि आता नळीत निवत पडलंय. दिवसातून आठ वेळा असं झालं तर १४ लिटर गरम पाणी भिंतीला दिलं. उपाय साधे आहेत: टाकी वापराच्या जागेजवळ ठेवणं, गरम पाण्याच्या नळीला फोमचं वेष्टण चढवणं, आणि एकच दांडा असलेला नळ असेल तर तो सवयीने गार बाजूला ठेवणं. नळ्या भिंतीत गाडल्या गेल्या की त्यांना वेष्टण घालता येत नाही, म्हणून घराची डागडुजी निघाली की हे काम आधी करून घ्यावं.

शॉवरचंही बघा. खाली बादली धरा आणि घड्याळ लावा. मिनिटाला १५ लिटर येत असेल तर ८-९ लिटरचा शॉवर बसवल्याने गरम पाणी जवळपास निम्म्यावर येतं. नवं यंत्र घेण्याआधी हे करायलाच हवं, कारण गरज कमी झाली की यंत्रही लहान पुरतं.

उष्णता आणायची

आता मुख्य विषय, हीट पंप. मला यात खरोखर आश्चर्य वाटतं, आणि ते समजल्यावर वाढतंच.

फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतो. ती उष्णता आतल्या अन्नातून काढून बाहेर टाकलेली असते. फ्रिज थंडी बनवत नाही, तो उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवतो. हीट पंप गीझर हेच काम उलट्या हेतूने करतो: भोवतालच्या हवेतली उष्णता उचलतो आणि पाण्यात सोडतो. ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी अशा यंत्राने हवा तापवण्याची कल्पना १८५२ मध्येच मांडली होती.

पण हवा १५ अंशांची आणि पाणी ५० अंशांचं, तर गारातून गरमात उष्णता जाईल कशी? इथे कामी येतो तो यंत्रात फिरणारा द्रव. प्रोपेन हा अशा कामासाठी वापरला जाणारा एक पदार्थ, साध्या दाबाला तो उणे ४२ अंशांनाच उकळतो. त्याच्या दृष्टीने १५ अंशांची हवा म्हणजे धगधगती चूलच. पंखा हवा खेचून नळ्यांवरून नेतो, आतला थंड द्रव त्या हवेतून उष्णता घेऊन उकळतो आणि त्याची वाफ होते. मग कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलच्या पंपाने चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं ना, तसंच इथे होतं: दाबलेली वाफ पाण्याहून गरम होते. ती टाकीभोवतीच्या नळ्यांतून फिरते, उष्णता पाण्याला देते, आणि देता देता पुन्हा द्रव होते. शेवटी एका अरुंद वाटेतून तिचा दाब उतरवला की द्रव पुन्हा थंडगार, पुढच्या फेरीला तयार.

वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट उष्णता पाण्यात जाते, त्यातली २ हवेतून आलेली असतात. या पटीला सीओपी म्हणतात. त्यामुळे १०० लिटर पाण्याचा मघाचा ४.६५ युनिटचा हिशेब दीड-पावणेदोन युनिटवर येतो. ऊर्जा शून्यातून निर्माण झालेली नाही, आयती मिळालेली आहे. पाण्याची टाकी स्वतः पाणी बनवत नाही, नदीतून पंपाने ओढून घेते, तसं.

सीओपीचा आकडा मात्र एकच एक नसतो, आणि विक्रेते सांगतात तो बहुधा सगळ्यात अनुकूल परिस्थितीतला असतो. ‘चढ’ जितका मोठा तितके कष्ट जास्त: बाहेर हवा थंड असेल किंवा पाणी फार गरम हवं असेल तर सीओपी घसरतो. म्हणून विचारायचं ते असं: हवा ७ अंशांची असताना आणि पाणी ५५ अंशांपर्यंत नेताना सीओपी किती? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडक थंडीतही हे यंत्र चालू शकतं. जपानमध्ये २००१ पासून ‘इको क्यूट’ नावाने कार्बन डायऑक्साइडवर चालणारे घरगुती हीट पंप गीझर विकले जाताहेत, आणि ते पाणी ९० अंशांपर्यंतही नेऊ शकतात.

हीट पंपाची खरी अडचण वेगळी आहे: तो सावकाश काम करतो. पाण्याला २ किलोवॉट उष्णता देणाऱ्या यंत्राला २०० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साडेचार तासांच्या वर लागतात. ऐनवेळी बटण दाबून अंघोळीला जायची सवय इथे चालत नाही. टाकी मोठी घ्यावी लागते आणि पाणी आधीच तापवून ठेवावं लागतं. पण याच गोष्टीचा फायदा होतो. हवा दुपारी सगळ्यात उबदार असते. छपरावर सौरविजेची पॅनेल असतील तर वीजही दुपारीच जास्त असते. टायमर लावून दुपारी पाणी तापवलं तर त्या टाकीत ९ युनिटहून जास्त उष्णता साठते आणि तिच्यातली बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकते. विजेची एवढी साठवण करायची तर भलीमोठी बॅटरी लागेल.

जागेचा विचार आधी हवा. यंत्र थंड हवा बाहेर फेकतं. ते छोट्या बंद खोलीत ठेवलं तर तीच थंड हवा पुन्हा आत ओढतं आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं. त्याला मोकळी हवा हवी, हवेतला ओलावा पाणी होऊन ठिबकतो त्याला वाट हवी, आणि पंखा-कॉम्प्रेसरचा आवाज झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागू नये. आणखी एक: बहुतेक हीट पंपांत मदतीला साधी कॉइल असते. यंत्र ‘जलद’ सेटिंगवर ठेवलं तर बरंचसं काम कॉइलच करते आणि पंपाचा फायदा हातचा जातो. बसवणारा माणूस लवकर गरम पाणी दाखवण्यासाठी ती सेटिंग लावतो आणि तशीच सोडून जातो. तो दाराबाहेर पडण्याआधी हे तपासा.

ऊन, गॅस आणि झटपट गीझर

प्रत्यक्ष वापरात सौर गीझर हीट पंप गीझरहून जुना. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी १८९१ मध्ये काळ्या टाक्या काचेच्या पेटीत ठेवून ‘क्लायमॅक्स’ नावाचा सौर गीझर पेटंट केला. दिवसा पाणी तापायचं, पण रात्री त्याच काचेतून उष्णता निघून जायची आणि सकाळी पाणी गार. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला जाड आवरण घातलं. आजचे सौर गीझर त्याच वाटेने आलेत. टाकी वर, नळ्या खाली. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही.

ऊन भरपूर आणि छत मोकळं असेल तर याच्याइतकं साधं काही नाही. समोर झाड किंवा उंच इमारत असेल तर विसरा. पाण्यात क्षार जास्त असतील तर नळ्यांत ते साचतात आणि पाणी गोठेल अशी थंडी पडत असेल तर गोठणरोधक द्रव फिरवणारी बंदिस्त रचना घ्यावी लागते. चूक होते ती मदतीच्या कॉइलमध्ये. ती संध्याकाळपासून चालू राहिली तर सकाळी ऊन येईपर्यंत टाकी आधीच गरम असते आणि सूर्याला करायला काही उरत नाही. कॉइल लावायचीच तर दुपार उलटून गेल्यावर, पाणी पुरेसं तापलं नाही असं दिसल्यावर.

गॅसच्या गीझरचा मुद्दा थोडक्यात. जुन्या गीझरमधून बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. त्या धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत मिळवणारे ‘कंडेन्सिंग’ गीझर जास्त चांगले. सतत जळणारी पायलट ज्योत असेल तर ती चोवीस तास गॅस खाते. पण सगळ्यात महत्त्वाचं हे: गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात कधीही नको. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस जागा असतानाच गुंगून पडतो. धूर बाहेर नेणारी नळी, मोकळी हवा आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म, यात तडजोड करू नका.

साठवण नसलेला विजेचा झटपट गीझर टाकीतली गळती वाचवतो, पण त्याला एकदम प्रचंड वीज लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साडेदहा किलोवॉट. ३ किलोवॉटच्या छोट्या झटपट गीझरमधून धारच बारीक येते ती यामुळे. हात-भांडी धुवायला ठीक, शॉवरला अपुरा.

किती गरम?

‘पाणी ४५ अंशांवरच ठेवा, वीज वाचेल’ हा सल्ला अर्धवट आहे. लिजिओनेला नावाचा जीवाणू २५ ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतो आणि पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर जीवघेणा न्यूमोनिया होतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिक संघटनेच्या अधिवेशनात त्याची मोठी साथ आली, त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. मोठ्या टाकीत पाणी ६० अंशांवर साठवलं तर तो टिकत नाही. उलट ६० अंशांचं पाणी थेट अंगावर आलं तर पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं, आणि लहान मुलं व म्हातारी माणसं लगेच बाजूलाही होऊ शकत नाहीत. उपाय म्हणजे टाकीच्या बाहेर तापमान राखणारा मिश्रण-व्हॉल्व्ह. टाकीत ६०, नळाला ४५ ते ५०. अनेक हीट पंप एरवी ५०-५५ अंशांवर चालतात आणि आठवड्यातून एकदा पाणी आपोआप ६० च्या वर नेतात. घेताना ही सोय आहे का ते विचारा.

टाकीबद्दल दोन गोष्टी फारसं कुणी सांगत नाही. लोखंडी टाकीच्या आत मॅग्नेशियमची एक सळई असते, ॲनोड म्हणतात तिला. टाकीऐवजी ती गंजते, स्वतः झिजून टाकीला वाचवते. ती संपली की टाकीची पाळी येते. दोन-तीन वर्षांनी ती उघडून बघितली आणि झिजली असेल तर बदलली तर टाकीचं आयुष्य कितीतरी वाढतं. दुसरं, पाणी तापलं की फुगतं: २० वरून ६० अंशांवर १०० लिटरचं साधारण दीड लिटर जास्त होतं. बंद टाकीत त्याला जायला वाट नसेल तर दाब वाढतो. त्यासाठी असलेला सुरक्षा व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळतोय म्हणून बूच मारणारे लोक मी पाहिलेत. असं कधीही करू नका, टाकी फुटू शकते.

मग बदलायचं कसं? गीझर चालू असतानाच थोडा वेळ काढा. एका आठवड्यात किती बादल्या किंवा किती मिनिटं शॉवर लागतो ते मोजा. हीट पंप ठेवता येईल अशी मोकळी जागा शोधा, तिची लांबी-रुंदी-उंची घ्या, ठिबकणाऱ्या पाण्याला उतार आहे का ते बघा. भरलेली २०० लिटरची टाकी पाण्यासकट पाव टनाच्या आसपास जाते, तेवढं वजन जमीन पेलेल का हे विचारून घ्या. गॅसवरून विजेवर जात असाल तर वायरची जाडी आणि स्वतंत्र स्विच वायरमनकडून आधी तपासून घ्या. दोघा-तिघांकडून दर काढा, आणि दर विचारताना मघाचा ७ अंशांचा प्रश्न विसरू नका. हे सगळं करूनही जुना गीझर आणखी तीन वर्षं चालला तर चालू द्या, त्याची नळी तेवढी गुंडाळून घ्या.

आमच्या घरी हे सगळं एका कागदावर लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं होतं: रोजचे लिटर, जागेची मापं, यंत्राचा प्रकार, प्लंबरचा नंबर. तो कागद दोन पावसाळे तिथे होता. मग एका सकाळी आतून हाक आली, टाकीखाली थारोळं साचलं होतं. मी आधी पाण्याचा कॉक बंद केला, गीझरचा स्विच काढला आणि मीटरच्या पेटीचं दार उघडलं.